चाकाखालचा गॅलोवे

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या रस्त्यांच्या निविदांत ‘डब्ल्यूबीएम’ ही तीन अक्षरे हमखास असतात. खडीकरणाचे काम. डंपर ढीग ओतून जातो, बाया घमेल्यांनी खडी पसरतात, वर मुरूम, पाणी आणि मग रोलर. त्या तीन अक्षरांतल्या शेवटच्या ‘एम’मध्ये जो माणूस दडला आहे तो जॉन लाउडन मॅकॅडम. जन्म १७५६चा, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एअर गावातला. घराण्याचा वाडा मात्र एअरच्या दक्षिणेला, गॅलोवेच्या डोंगरांत, कार्सफर्न या खेड्याजवळ होता. मॅकॅडम लहान असतानाच तो जळाला. पुढे १८१६मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी अंगावर आली तेव्हा त्याने एक साधी गोष्ट लावून धरली. रस्त्याच्या पोटात मोठाले डबर रचायची गरज नाही. खालची जमीन कोरडी ठेवा, पाण्याला चर काढून द्या आणि वर हाताने फोडलेली बारीक, कोनदार खडी टाका. सहा औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून जड दगड नको. जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांनीच ती खडी एकमेकींत घट्ट बसेल.

त्याच मुलखात आता लोक मुद्दाम खडी शोधत सायकली घेऊन येतात, यात गंमत आहे. डांबर आले तसे जगाने मॅकॅडमच्या उघड्या खडीला कमअस्सल ठरवले. आपल्याकडे तर ‘अजून डांबर पडलेले नाही’ ही तक्रारच असते. गॅलोवेत मात्र डांबर न पडलेले शेकडो किलोमीटर रस्ते आहेत, आणि तिथे येणाऱ्या सायकलवाल्याला तीच श्रीमंती वाटते. ग्रॅव्हल बाइक ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, खाली वाकलेल्या हँडलची. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, हवा तीस पीएसआयच्या आसपास, म्हणजे अंगठ्याने दाबले तर थोडे दबेल इतकीच, आणि गिअर चढणीला पुरून उरतील असे हलके. २०२३मध्ये जागतिक ग्रॅव्हल मालिकेतली ब्रिटनमधली पहिली शर्यत इथल्याच गेटहाउस ऑफ फ्लीट या छोट्या गावातून सुटली आणि या रस्त्यांचे नाव सगळीकडे झाले. शर्यतीविषयी मला फारसे सांगायचे नाही. शर्यतीत माणूस पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघत असतो. इथे बघायचे ते आपल्या पुढच्या चाकाखाली.

गॅलोवे म्हणजे स्कॉटलंडचा नैऋत्य कोपरा. खाली आयरिश समुद्राला मिळणारे उपसागर, मध्ये डोंगर, त्यांवर ओलसर माळ, आणि माळाच्या खळग्याखळग्यांत तळी. तिथे तळ्याला लॉख म्हणतात. स्कॉटलंड म्हटले की आपल्याकडचे पर्यटक एडिंबरा करून उत्तरेकडे पळतात, नेस नावाच्या लॉखमधला राक्षस बघायला. हा कोपरा वाटेतच लागत नाही. मी ज्या फेरीचे रसग्रहण करायला बसलो आहे ती गेटहाउसपासून निघते, ईशान्येला लॉरिस्टनच्या जंगलात शिरते, उत्तरेला स्ट्रोन लॉखपाशी जाते, तिथून काळ्या डी नदीच्या काठाने क्लॅटरिंगशॉजच्या जलाशयापर्यंत वर चढते, मग माळावरच्या लॉखांमधून दक्षिणेला उतरून जुन्या रेल्वेच्या मार्गाला लागते, आणि पश्चिमेकडून पुन्हा समुद्राकडे येते. पायात दम असेल तर दिवसाभरात होते. नसेल तर वाटेत मुक्काम करावा, काही बिघडत नाही.

या फेरीवरचा प्रत्येक रस्ता कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी बांधला आहे, आणि ते काम चाकाखाली कळते. सैन्य हलवण्यासाठी, आयर्लंडची बोट गाठण्यासाठी, कापसाच्या गिरणीसाठी, लाकूड वाहण्यासाठी, वीज काढण्यासाठी. यातल्या बहुतेकांना गॅलोवे नको होते, त्यातून पलीकडे जायचे होते किंवा त्यातले काहीतरी बाहेर न्यायचे होते. सायकलवाल्यासाठी म्हणून इथे जवळपास काहीच झालेले नाही. तो उरलेले वापरतो. माझ्या मते या वाटेचा खरा रस त्या रस्त्यांच्या सांध्यांत आहे, जिथे एकाची खडी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते.

म्हणून आधी खडी. एकदा थांबून दोन ठिकाणची मूठभर उचलून पाहावी. गेटहाउसच्या आसपासचा दगड ग्रेवॅक, म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळावर गाळ साचून झालेला, निळसर करडा, चिवट. फोडला की त्याच्या चपट्या, धारदार कपच्या निघतात. कपचीची कड नखाने पाहिली तर टायरच्या बाजूच्या पातळ रबराला काय भोगावे लागते ते कळते. ओला झाला की हा दगड जवळपास काळा दिसतो आणि उतारावर ब्रेक दाबताना मन खात राहते. उत्तरेला केर्न्समोर ऑफ फ्लीट हा ७११ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे. वितळलेला खडक त्या गाळाच्या दगडात घुसून सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्याचा हा उघडा पडलेला गड्डा. वनखाते रस्त्याची खडी लांबून आणत नाही, शेजारीच खाण उघडते. त्यामुळे भूगर्भाची सीमा ओलांडली की रस्त्याचाही रंग बदलतो. करड्याचा पांढुरका होतो. मुठीत धरली तर ग्रॅनाइटची खडी भरड, खडबडीत, दाणेदार. त्यात गुलाबीसर पांढरा फेल्स्पार, काचेसारखे क्वार्ट्झ आणि अभ्रकाचे काळे ठिपके सुटे दिसतात. पाणी तिच्यातून झटकन खाली जाते. कपचीवरून जाताना टायर खटखटतो, दगड उडून फ्रेमवर आपटतात. ग्रॅनाइटच्या भरडीवर तोच टायर कढईत चुरमुरे परतल्यासारखा एकसारखा, कुरकुरीत वाजतो. डोळे मिटून कोणी सायकल चालवत नाही, पण मिटलेच तर आपण कुठल्या खडकावर आहोत हे सांगता येईल.

गेटहाउस सोडताना चढ लगेच सुरू होतो आणि तो आवडावा असा नाही. अंग गरम झालेले नसते. पण हे गाव बघून मगच चढावे. अठराव्या शतकाच्या शेवटी जेम्स मरे या जमीनदाराने इथे कापसाच्या गिरण्या उभ्या करवल्या, आणि काही वर्षे हे चिमुकले गाव उद्योगनगरी होण्याची स्वप्ने पाहत होते. गिरणीची चाके फिरवायला खालच्या नदीचे पाणी पुरेना म्हणून वर डोंगरातल्या व्हिन्यन या लॉखचे पाणी बोगदा खणून गावाकडे वळवले. पुढे वाफेची यंत्रे आली, कापूस मोठ्या शहरांकडे गेला, गाव होते तेवढेच राहिले. लॉरिस्टनच्या दिशेने चढताना ते लॉख डावीकडे उंचावर असते. रस्त्यावरून दिसतही नाही. पण आपण ज्या चढाला शिव्या घालत वर येतो तोच उतार गिरणीवाल्यांच्या कामाचा होता, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

लॉरिस्टनच्या परिसरात मान वर करायची, कारण इथे तांबड्या घारी आहेत. शेपटी दुभंगलेली, पंख लांब, आणि उडताना शेपूट सुकाणूसारखी सतत वळवत राहायची सवय. या भागातून त्या शिकारीने आणि विषाने नाहीशा झाल्या होत्या. २००१पासून त्यांना इथे पुन्हा सोडले गेले, आणि आता त्यांना पाहायला लोक येतात. मागच्या कुरणांत बेल्टेड गॅलोवे गाई दिसतात. काळ्या गाईच्या मधोमध पांढराशुभ्र रुंद पट्टा, कोणी मोजून रंगवल्यासारखा. गाईंना आपण दिसायला बरे आहोत याची कल्पना असावी, रस्ता सोडत नाहीत.

स्ट्रोन लॉखपासून क्लॅटरिंगशॉजकडे जाणारा रस्ता सुमारे सोळा किलोमीटरचा. त्याचे नाव रेडर्स रोड. सॅम्युएल क्रॉकेट या गॅलोवेच्या कादंबरीकाराने १८९४मध्ये ‘द रेडर्स’ लिहिली, गुरे पळवणाऱ्या टोळ्यांची गोष्ट. त्या कादंबरीवरून वनखात्याच्या रस्त्याला हे नाव पडले. म्हणजे इतिहासातून कादंबरी, कादंबरीतून रस्ता. मोटारींनाही हा रस्ता खुला असतो, त्यामुळे सुटीच्या दिवशी धूळ खावी लागते. पण नदी शेजारी आहे. काळी डी हे नाव खोटे नाही. माळावरच्या पीटमधून, म्हणजे शेवाळाच्या साचलेल्या थरातून झिरपून आलेले पाणी कडक चहाच्या रंगाचे असते, आणि सपाट खडकांवरून वाहताना त्याच्या काठाला फेस धरतो. वाटेतल्या ऑटर पूलपाशी खडक असे पसरले आहेत की बूट काढून बसावेच लागते. पाणमांजर दिसले तर नशीब. मला कधी दिसले नाही. इथली खडी अगदी शहाण्यासारखी बसलेली, चढ कळू न देणारा. नवख्याने गॅलोवेची चव घ्यायची तर इथून घ्यावी.

क्लॅटरिंगशॉज लॉख खरे तर धरण आहे. १९३०च्या दशकात गॅलोवेतल्या नद्या अडवून वीज काढायची योजना झाली, त्यात डीचे पाणी इथे अडवून डोंगरातून बोगद्याने पलीकडच्या ग्लेनलीच्या वीजघराला नेले. दोन काठांची माणसे विजेसाठी पाण्याखाली गेलेल्या जमिनीबद्दल काय बोलली असतील हे कोयनेच्या खोऱ्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. काठावर एक मोठा धोंडा आहे, रॉबर्ट ब्रूसने १३०७च्या लढाईनंतर म्हणे त्याला पाठ टेकली होती. फोटो काढणाऱ्यांची तिथे रांग असते. मी पुढे जातो.

पुढे मात्र खरी कसोटी आहे, आणि तिच्याविषयी गोड बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला म्हणून ब्रिटनने १९१९मध्ये वन आयोग स्थापला आणि पुढच्या काही दशकांत गॅलोवेचे डोंगर सिट्का स्प्रूसने भरून टाकले. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. डेव्हिड डग्लसने त्याचे बी १८३१मध्ये ब्रिटनला पाठवले. ओल्या, नापीक जमिनीत ते भराभर वाढते, म्हणून वनखात्याचे लाडके. लागवड सरळ रांगांत, झाडे दाटीने. आत अंधार, खाली काही उगवत नाही, पक्षी गप्प. रस्ता त्या भिंतींमधून जातो. एक वळण, दुसरे वळण, पुन्हा तेच. चढ लांब आणि सौम्य, कारण ४४ टनांच्या लाकडाच्या ट्रकला तो चढायचा असतो. वळणेही त्याच ट्रकच्या लांबीच्या हिशोबाने रुंद. इंजिनिअरच्या दृष्टीने रस्ता निर्दोष आहे. प्रवाशाच्या दृष्टीने कंटाळवाणा. वनखात्याची पत्रके याला शांतता म्हणतात. दृश्य उघडते ते कुठे झाडे तोडली असतील तिथेच. फाटलेले बुंधे, चिखल, वाळक्या फांद्यांचे ढिगारे आणि त्या उजाडपणाच्या पलीकडे अचानक केर्न्समोरचा अख्खा पाठीचा कणा. विद्रूप जागेतूनच इतका मोठा देखावा मिळावा, हे मला आधी खटकायचे. आता नाही खटकत, पण सुंदर म्हणायलाही जीभ वळत नाही.

हा कंटाळा मात्र फुकट जात नाही. तास-दीड तास काहीच न बदललेल्या रस्त्यावर पायांना एक लय सापडलेली असते, आणि मग एके ठिकाणी झाडे संपतात. हळूहळू विरळ होत नाहीत, संपतातच. कुंपण, गुरे अडवायची लोखंडी जाळी, तिच्यावरून चाकांचा थरथराट, आणि पलीकडे माळ. त्या एका क्षणासाठी मी जंगलाला माफ करतो. आकाश इतके खाली येते की हेल्मेटला लागेलसे वाटते. समोर हेदर, कापूसगवताचे पांढरे पुंजके, मध्येच काळ्या पाण्याची डबकी. आणि वारा, ज्याला जंगलाने आतापर्यंत बाहेर थांबवून ठेवले होते.

इथे पुन्हा चाकाखाली बघावे. माळाची जमीन म्हणजे पीट, शेवाळ पुरते न कुजता साचत गेलेला थर, वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या बेताने वाढणारा. मीटरभर खोल पीट म्हणजे हजारेक वर्षे. मॅकॅडमने सांगितले होते, खालची जमीन कोरडी ठेवा. इथे जमीनच पाणी आहे. मग रस्ता कसा बांधायचा? तो तरंगता बांधतात. पीटवर पूर्वी फांद्यांचा थर अंथरत, हल्ली कृत्रिम जाळी, आणि तिच्यावर खडी. रस्ता जमिनीत रुतत नाही, तिच्यावर पडून राहतो. अशा तुकड्यावर आल्याचे सायकलला आपल्या आधी कळते. आवाज मंद होतो, टायर जड वाटतो, पेडलला मारलेला जोर कुठेतरी खाली जिरतो. रस्त्याच्या कडेला बसलो असताना लाकडाचा ट्रक गेला तर बुडाखाली जमीन हलकेच हेलकावते. मॅकॅडम इथे असता तर त्याने काय म्हटले असते कोण जाणे.

याच डबक्यांच्या काठी गुडघे टेकून बघितले तर तांबूस, केसाळ पानांची, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असलेली रोपे दिसतात. दवबिंदू. कासच्या सड्यावर पावसाळ्यानंतर गेलेल्यांना ती ओळखीची असतील, तिथली जात वेगळी, धंदा तोच. कातळावरच्या आणि पीटवरच्या मातीत नत्र फार कमी असतो, म्हणून दोन्हीकडे ही झाडे किडे खाऊन पोट भरतात.

ग्रॅनॉख, फ्लीट, स्केरो. या टापूतली तीन लॉखे. फाटे इतके की नकाशा हाताशी हवाच. लांबून पाहिले तर अशी निर्मळ तळी जगात नसतील असे वाटते, आणि ही निर्मळता हेच त्यांचे दुखणे. ग्रॅनाइटमध्ये चुना जवळजवळ नसतो. कारखान्यांच्या आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरामुळे पडणारा आम्ल पाऊस शोषून घ्यायला या पाण्याकडे काही नव्हते. शेजारच्या ग्लेनहेडच्या राउंड लॉखच्या तळाचा गाळ काढून लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्यातल्या सूक्ष्म शैवालांचे कवच तपासले, तेव्हा दिसले की पाणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच आंबट होत गेले होते, म्हणजे स्प्रूसची लागवड व्हायच्या कितीतरी आधी. लॉख फ्लीटमधले ट्राउट मासे १९७०च्या दशकात संपले. मग १९८६मध्ये त्याच्या पाणलोटात चुनखडीची पूड पसरली गेली. पैसा वीज आणि कोळसा उद्योगांनीच दिला. पाणी सुधारले, ट्राउट पुन्हा सोडले, आणि ते जगले. काठावर उभे राहून या सगळ्याची एकही खूण दिसत नाही. पाण्यात डोंगर उलटा पडलेला असतो, एवढेच.

स्केरो लॉखपासून या फेरीचा उत्तम भाग सुरू होतो, आणि मी इथे रेंगाळणार आहे. डम्फ्रीसहून स्ट्रॅनरारच्या बंदराकडे, म्हणजे आयर्लंडच्या बोटीकडे जाणारी रेल्वे १८६१मध्ये याच माळावरून गेली. सपाट किनाऱ्याने न जाता ओसाड डोंगरातून, कारण तिथून अंतर कमी. वाटेतल्या गावांचा विचार नव्हताच. गेटहाउसचे स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटर लांब, डोंगरात वर. उतरणाऱ्याला गाव गाठायचे तर घोडागाडी शोधावी लागे. स्केरोचा थांबा तर त्याहून विलक्षण. तिथे रस्ताच जात नव्हता. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, एकेरी मार्गावर गाड्यांना एकमेकींना वाट द्यावी लागे, म्हणून लॉखच्या काठी थांबा केला, आणि रेल्वेची माणसे तिथे कुटुंबांसह राहत. बाजारहाट करायची तर आगगाडीनेच.

ही रेल्वे जून १९६५मध्ये बंद झाली. रूळ उखडले गेले, भराव आणि चर राहिले. सायकलवर इथे आल्याबरोबर जाणवते ते म्हणजे चढच नाही. आहे, पण वाफेच्या इंजिनाला झेपेल इतकाच. सगळा दिवस कपच्या, पीट आणि ट्रकचे रस्ते सोसलेल्या पायांना हा मऊपणा विश्वास बसू नये असा लागतो. जुन्या गिट्टीचे गोळे मध्येच वर आलेले असतात, गवताची पट्टी मध्यावर, दोन्ही बाजूंना खोदलेला खडक ओलाचिंब. कॉमिक्समधल्या आगगाडीसारखे आपण एका रेषेत धावत जातो. रेल्वेवाल्यांनी ही जमीन जितकी बारकाईने वाचली तितकी नंतर कोणी वाचली नसेल. डोंगराला कुठे टेकायचे आणि कुठे सोडायचे हे त्यांना पक्के कळत होते, आणि ते त्यांचे कळणे आज फक्त सायकलच्या चाकाला उपयोगी पडते.

जॉन बकनच्या १९१५च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’चा नायक रिचर्ड हॅने खुनाच्या आळातून निसटून याच मुलखात येतो, माळावरच्या एका एकाकी स्टेशनवर उतरतो. ते कुठले याविषयी मंडळी वाद घालतात, मला त्यात रस नाही. मला रस आहे पुढच्या एका प्रसंगात. त्याला मदत करणारा एक तरुण रात्री त्याला सायकल देतो, आणि हॅने डोंगरातल्या खडीच्या खड्या रस्त्यांवरून पहाटेपर्यंत ती चालवतो. तरुणाने सल्लाही दिलेला असतो की उजाडले की सायकल दलदलीत फेकून दे आणि पायी माळावर जा. ग्रॅव्हल सायकलिंगच्या साहित्यात याहून जुने आणि याहून उर्मट पान मला माहीत नाही. दुसरे नाव डोरोथी सेयर्सचे. तिची १९३१ची ‘द फाइव्ह रेड हेरिंग्ज’ गेटहाउस आणि कर्कूब्री या गावांतल्या चित्रकारांभोवती फिरते, आणि तिचे कोडे रेल्वेच्या वेळापत्रकावर आणि सायकलींवर बेतलेले आहे. कोण कुठून किती वाजता सायकल मारत निघाला की अमुक गाडी सापडेल, हे तिने स्टेशनमास्तरच्या काटेकोरपणाने मांडले आहे. कथा म्हणून ती मला जरा रटाळ वाटते. पण या भूगोलात गाडी आणि सायकल हे दोघे भाऊ होते, हे तिने बरोबर हेरले.

लहान फ्लीट नदीवरचा रेल्वेपूल आता उभा नाही. तिथे वाट खाली ओढ्यात उतरते आणि पलीकडे पुन्हा भरावावर चढते, आणि रेल्वेने इतका वेळ लपवलेला दरीचा खरा आकार पायांना एकदम भरावा लागतो. मोठ्या फ्लीटवरचा पूल मात्र आहे. वीस कमानी. वरून जायला मनाई. ते ठीकच झाले, कारण वाट खालून जाते आणि पूल बघायचा तर खालूनच. जवळ गेल्यावर दिसते की खांबांचा मूळ दगड नंतर विटांच्या जाड अस्तरात गुंडाळला आहे. गाड्या जड होत गेल्या, खांब कमजोर वाटले, म्हणून केलेली मलमपट्टी. लांबून ज्यांना तो पूल सुबक वाटतो त्यांनी ही मलमपट्टी जवळून पाहावी. मला तो तिच्यामुळेच आवडतो. कमानींच्या वरच्या ओळीत अजून तेवढाच नेमकेपणा, आणि खाली विटांची बेढब जाडी. खांबाला हात लावून उभे राहिले की विटा थंड, खरबरीत, मधल्या सांध्यांत शेवाळ.

इथून पुढे गेटहाउसला सरळ उतरता येते, डांबरी रस्त्याने, पेडल न मारता. घाई असणाऱ्यांनी तसे करावे. मी क्रीटाउनच्या बाजूला वळसा घेऊन कॉर्स ऑफ स्लेक्सच्या जुन्या लष्करी रस्त्याने येण्याचा आग्रह धरतो. १७६०च्या दशकात इंग्लंडच्या सीमेपासून पोर्टपॅट्रिकच्या बंदरापर्यंत फौजा हलवण्यासाठी बांधलेल्या रस्त्याचा हा तुकडा. रेल्वेवाल्यांनी डोंगराशी जुळवून घेतले, लष्कराने घेतले नाही. शिपाई पायी चालणार, त्यांना उतार-चढावाशी काय देणे. डोंगर समोर आला तर त्याच्या छातीवरूनच जायचे. दिवसाअखेरचा हा चढ निर्दय आहे, आणि रेल्वेनंतर लगेच आल्यामुळे जास्तच. दोन रस्ते, दोन्हीचे तोंड आयर्लंडकडे, मध्ये शंभर वर्षे, आणि स्वभाव इतके वेगळे. हा सांधा या फेरीतला सगळ्यात धारदार.

वर पोहोचलो की समुद्र दिसतो. फ्लीट उपसागर, त्यातली आर्डवॉल आणि बाकीची बेटे, ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे. उतार अॅनवथच्या जुन्या, बिनछपराच्या चर्चजवळून जातो. ‘द विकर मॅन’ या १९७३च्या चित्रपटाचे काही चित्रीकरण इथे झाले, त्यामुळे थडग्यांमध्ये कॅमेरे घेतलेले भाविक सापडतात. वसंतात इथल्या उतारांवर गॉर्सची झुडपे पिवळीधमक फुललेली असतात आणि त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. जून-जुलैत संध्याकाळी थांबू नये, मिज नावाचे सूक्ष्म डास अंगाचा फडशा पाडतात. ऑगस्टात माळ जांभळा होतो. मला मेमधला शेवट आवडतो, दिवस लांब आणि मिज अजून झोपेत.

हे सगळे निर्धास्तपणे करता येते ते स्कॉटलंडच्या २००३च्या जमीनसुधारणा कायद्यामुळे. जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही, सायकलसकट, खासगी जमिनीवरूनही जाण्याचा हक्क तो देतो. सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक नाही. फाटक उघडले तर बंद करा, मेंढ्यांची पिले असतील तर लांबून जा, झाडतोडीच्या पाट्या असतील तिथे परत फिरा, इतकीच अपेक्षा.

आता दिशेचा वाद. अनुभवी लोक ही फेरी उलटी करायला सांगतात. वारा बहुधा नैऋत्येचा, त्यामुळे मी सांगितलेल्या दिशेने गेलो तर रेल्वेच्या उघड्या भागात तो तोंडावर येतो, आणि उलटे गेलो तर तिथे पाठीशी मिळतो, शिवाय रेडर्स रोडही उताराचा होतो. त्यांचा हिशोब बरोबर आहे. तरी मी माझ्याच दिशेने जाईन. उलट्या दिशेने लष्करी रस्ता सकाळी, ताज्या पायांनी चढला जातो आणि समुद्र पहिल्या तासातच मागे पडतो. मग दिवसभर पुढे वाट बघायला उरते ते सिट्का स्प्रूसचे जंगल.